मुलाणी मास्तरांचं बाड

आमच्या घराच्या जागेवर आता कडब्याची गंजी रचलेली आहे. दगडी पायऱ्या तेवढ्या उरल्यात, त्यांतल्याही खालच्या दोन मातीत गेल्यात. यंदाच्या पौषात, छत्तीस-सदतीस वर्षांनी, मी त्या पायऱ्यांवर जरा वेळ बसले. समोर मशिदीची बुटकी भिंत, तिच्या आतून वर आलेली चिंच, मधल्या बोळात कोंबड्यांनी उकरलेली माती. रहिमतपूर स्टेशनापासून चार मैलांवरचं हे गाव. नाव सांगत नाही. सांगून आता कुणाचं भलं व्हायचं नाही.

पाठीवर ऊन होतं. कुणाच्या तरी चुलीवर फोडणी बसली, जिऱ्याचा वास आला आणि तो माझ्या नाकाला पुरेना. नाक शोधत होतं ते सुंठ, हिंग, ओवा, ज्येष्ठमध असं सगळं एकमेकांत मुरलेलं काहीतरी. आमचे आप्पा गावचे वैद्य. ओसरीच्या कोपऱ्यात त्यांचं औषधांचं कपाट होतं. खालच्या फळ्यांवर बरण्या, मधल्यांवर पुड्या, आणि सगळ्यांत वर लाल खारव्यात बांधलेलं कागदांचं एक बाड. ते औषधांचं नव्हतं. ते मुलाणी मास्तरांचं होतं.

मास्तर म्हणजे पेन्शनीत निघालेले मराठी शाळेचे हेडमास्तर. धोतर, बंद गळ्याचा कोट, डोक्याला पांढरा पटका. दाढी नसती तर परगावच्या माणसाला ते पाटीलच वाटले असते. गावातल्या निम्म्या माणसांना त्यांनी बाराखडी शिकवली होती आणि उरलेल्या निम्म्यांना छडी. त्यांचे हात कापायला लागले तेव्हा ते आप्पांकडे यायला लागले. आप्पा त्यांना कवचबीजाचं चूर्ण देत. चूर्णानं हात काही थांबले नाहीत, पण येणं थांबलं नाही. दोघं ओसरीवर बसून पानाचा डबा मध्ये ठेवून बोलत असायचे.

मी तेव्हा साताऱ्याहून मॅट्रिक होऊन घरी आले होते. स्थळं बघणं चालू होतं. सेहेचाळीस सालचा उन्हाळा असेल. मास्तर एक दिवस कोऱ्या कागदांचा दस्ता घेऊन आले आणि आप्पांना म्हणाले, "वैद्यबुवा, मला एक पुस्तक लिव्हायचंय. आमच्या धर्माचं. मराठीत."

"मराठीत कशाला? उर्दूत पुष्कळ असतील की," आप्पा म्हणाले.

"असतील. पर आमच्या आळीत उर्दू वाचतंय कोण? घरात दखनी, भाईर मराठी. नमाज पडत्यात, रोजं धरत्यात, पर अर्थ इचारला तर एकमेकाच्या तोंडाकडं बघत्यात. वाचायचं म्हनलं तर मराठीच वाचत्याल." मग त्यांनी आपले दोन्ही हात पुढे केले. ते वाऱ्यावरच्या पानांसारखे हलत होते. "आन् ह्ये असं हाय. पोरीचं अक्षर चांगलं हाय म्हनत्यात."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून दौत आणली.

त्या दिवसापासून दुपारची नमाज झाली की मास्तर यायचे. चिंचेखालच्या हौदावर हातपाय धुतलेले असायचे, मनगटांवर पाणी तसंच. सोबत त्यांची सून सकीना. तिचा नवरा लष्करात ड्रायव्हर होता, दूर कुठल्या छावणीत. ती ओसरीच्या पायरीवर सूप घेऊन बसायची, ज्वारी निवडायची. मास्तर मजकूर सांगू लागले की त्यांची भाषा बदले. गप्पांमधले 'हाय' आणि 'न्हाई' खुंटीला टांगून ते शाळेतल्या स्वच्छ मराठीत सांगत, आणि मी लिहीत असे. टाकाची कुरकुर, सुपातल्या दाण्यांची सळसळ, मधूनच आप्पांच्या खलबत्त्याचा ठणठणाट. माझ्या त्या दोन वर्षांच्या दुपारी अशा आवाजाच्या आहेत.

पहिलं प्रकरण वाळवंटाचं. वाळवंट मास्तरांनीही पाहिलं नव्हतं, पण तरुणपणी त्यांची नेमणूक माणदेशात झाली होती, तिथला दुष्काळ त्यांनी पाहिला होता. त्यावरून ते सांगत. इब्राहीम नबींनी आपल्या बायकोला, हाजराबीबीला, तान्ह्या बाळासह ओसाड माळावर ठेवलं. पाणी संपलं. बाळ रडायला लागलं. ती माउली एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर पळाली, कुठे पाण्याचा माग दिसतो का म्हणून. परत आली, परत पळाली. सात वेळा.

इथे मास्तर थांबले. मी टाक दौतीत बुडवून वाट पाहत राहिले. "आज एवढंच," असं म्हणून ते पायरी उतरून गेले. सकीनावहिनी सूप उचलताना हळूच म्हणाली, "माझ्या सासूबाईंचं नाव हाजराबीच हुतं, ताई."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनीच सांगितलं. अगदी साधेपणानं, कुणाची तरी हकीकत सांगावी तसं. "ती मला म्हनायची, आवं, मी दिसातनं पाच येळा देवाफुडं हुबी ऱ्हाते. त्याला काय म्हंते, त्ये तरी सांगा की मला. मी म्हनायचो, सांगीन. शाळा हुती. तपासनीला सायेब येनार हुता. मग सुगी. चाळीस वर्सं सांगीनच म्हनत ऱ्हायलो. साथीत तीन दिसांत गेली." मग ते सरसावून बसले आणि कालच्या वाक्याच्या पुढचं वाक्य सांगू लागले. बाळानं टाचा घासल्या तिथे वाळूतून पाणी वर आलं.

त्यानंतर त्यांना घाई झाली. आधी नमाजेचा अर्थ लिहू, इतिहास मागाहून, असं ठरलं. आणि पहिल्याच ओळीला अडलो. रहमान आणि रहीम. देवाची दोन नावं, जवळजवळ एकाच अर्थाची. मी 'दयाळू' लिहिलं, ते मास्तरांना पटेना. दया वरून खाली करतात, म्हणाले. आप्पांनी 'करुणाकर' सुचवलं. मास्तर म्हणाले, "कीर्तनात चांगला हाय. माझ्या आळीत कळायचा न्हाई." त्यांना मिरजेच्या एका मौलवींनी शिकवलं होतं की अरबीत हा शब्द आणि आईच्या पोटातली गर्भाची पिशवी, दोन्ही एकाच मुळातले. तसला शब्द हवा. तीन दिवस आम्ही त्यावर बसलो.

चौथ्या दिवशी आई माजघराच्या दारात कोथिंबीर निवडत होती. ती या लिहिण्यात कधी बोलत नसे. शिवाय मास्तरांपुढे ती पदर सावरून आतच असायची. ती कोथिंबिरीकडे पाहतच म्हणाली, "मायाळू म्हणा की."

मास्तरांनी तो शब्द एकदा पुटपुटून पाहिला. मग मला म्हणाले, "लिही. मायाळू." आणि जरा वेळानं, "म्हंजे रहिमतपूर ह्ये मायेचंच गाव की, वैद्यबुवा." आप्पा हसले. आई केव्हाच आत गेली होती.

पुढे पैगंबरांचं चरित्र आलं. जन्मायच्या आधी बाप गेलेला, सहाव्या वर्षी आई गेली. दुसऱ्यांची मेंढरं राखणारं पोर, मग खऱ्या मापाचा व्यापारी. लोक त्याला 'अमीन' म्हणायचे, विश्वासाचा माणूस. मग डोंगरातली गुहा, तिथलं एकटं बसणं, आणि एका रात्री आलेला पहिला शब्द: वाच. हा शब्द सांगताना मास्तरांचा चेहरा फुलला. "बघ, आमच्या शिक्षण खात्याचाच शब्द!" पण त्यापुढचं त्यांना जास्त आवडायचं. तो महापुरुष घाबरला. थरथर कापत घरी आला आणि बायकोला म्हणाला, मला पांघरूण घाल. खदीजाबीबीनं पांघरूण घातलं, आणि सगळ्या जगाच्या आधी तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला. "थरथर कापत हे नीट लिही," असं ते म्हणाले आणि आपल्या हातांकडे पाहून मिश्कील हसले.

मग मक्केच्या लोकांनी केलेला छळ, गाव सोडून मदिनेला जाणं. मी विचारलं, यांचं साल जन्मापासून का नाही मोजत, किंवा जिंकले त्या दिवसापासून? मास्तर म्हणाले, जिंकल्यावर सगळेच मोजतात. यांनी घर सोडलं तिथून मोजलं. मी ते तसंच लिहून घेतलं. तेव्हा मला ते फक्त छान वाक्य वाटलं होतं.

कलमा, नमाज, रोजा, जकात, हज, ही पाच कर्तव्यं लिहून झाली तोवर पावसाळा सरला होता. मोहरमच्या आधी करबलाचं प्रकरण लिहिलं. नबींच्या मागे गादीवरून तंटे झाले, एका मताचे दोन झाले, आणि शेवटी नबींचा नातूच नदीकाठी पाण्याविना मारला गेला. मी लहानपणापासून आमच्या गावातला ताबूत पाहत आले होते. उदाचा धूर, चोंग्यांच्या गोड पोळ्या, मडक्यातलं गुळाचं सरबत. ताबुताला खांदा द्यायला मराठ्यांची चार घरं मानाची होती, आणि नवसाची हिंदू पोरं गळ्यात नाडे घालून फकीर व्हायची. पण सरबत का वाटतात, हे मला त्या वर्षी पहिल्यांदा कळलं.

एकदा मात्र आप्पांचं आणि मास्तरांचं वाजलं. हा धर्म आपल्याकडे कसा आला, ते लिहायचं होतं. मास्तर सांगत होते. कोकणच्या बंदरांतून अरब व्यापारी आले, घाट चढून फकीर आले, विजापूरकडून, मिरजेकडून. आप्पांनी खल थांबवला आणि विचारलं, "आणि मास्तर, देवळं? ती काय फकिरांनी पाडली?"

सकीनावहिनीचे हात सुपात थांबले. मास्तर उठून गेले, आणि दोन दिवस आलेच नाहीत. आप्पा चिडचिडे झाले. पानाचा डबा उघडायचे आणि बंद करायचे. तिसऱ्या दिवशी मास्तर आले, बसायच्या आधीच म्हणाले, "लिही पोरी. व्यापारी आले, फकीर आले, आणि फौजाही आल्या. काही राजांनी देवळं पाडली. काहींनी देवळांना इनामं दिली. दोन्ही लिही. लपवलं तर बाकीचं बी कुनी खरं मानायचं न्हाई." मग आप्पांकडे वळून, "पर एक सांगतो वैद्यबुवा, त्या फौजंत माझा आजा नव्हता. माझा आजा तवाबी हितंच कुनाची तरी कोंबडी कापत हुता."

आप्पांना हसू आवरेना. त्यांनी पानाचा डबा पुढे सरकवला.

सत्तेचाळीसचा पावसाळा माझ्या आठवणीत एका निराळ्याच गोष्टीसाठी राहिला आहे. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. मी लहान असताना तो दिवाळीच्या थंडीत यायचा, मग नवरात्रात, मग गणपतीत. त्या साली तो नेमका अधिक श्रावणाला येऊन भिडला. आईचं अधिकाचं व्रत आणि मास्तरांचे रोजे एकाच महिन्यात. मास्तर म्हणाले, "तुमी जादा म्हयना घालून सणाला ऋतूशी बांधून ठेवता. आमचा म्हयना मोकाट. पर त्यानं एक व्हतं, मानसाला जल्मात उन्हाळ्याचा उपास घडतो, पावसाळ्याचा घडतो आन् थंडीचाबी घडतो." आईनं तेहेतीस अनारसे केले होते. दिवस मावळल्यावर तिनं त्यातले काही माझ्या हाती मास्तरांकडे धाडले. ईदेला मास्तरांकडून नेहमीप्रमाणे शेवया, साखर आणि खारीक कोरडीच आली, आईला आपल्या चुलीवर शिजवता यावी म्हणून. इतकी वर्षं हे असंच चालत आलेलं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, आणि वाटायला हवं होतं का, हेही मला तेव्हा सुचलं नव्हतं.

त्याच महिन्यात झेंडा लागला. शाळेपुढे साखर वाटली, मास्तरांनी आपली साखर रुमालात बांधून संध्याकाळसाठी ठेवली. गर्दीतून एकजण म्हणाला, "मास्तर, तुमी कवा निघनार?"

"कुठं?"

"तुमच्या मुलखात."

मास्तरांनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "निघालोच की. नमाजेची येळ झाली, घरला निघालोय." ते ताठ चालत गेले. पण त्या दुपारी ते लिहायला आले नाहीत. आठवड्यानं सकीनाच्या नवऱ्याचं पत्र आलं. तिकडे कोण जाणार, इकडे कोण राहणार, असं लष्करात विचारलं होतं, आणि त्यानं उत्तर दिलं होतं की माझे वडील म्हातारे आहेत. ते पत्र मास्तरांनी मला दोनदा वाचायला लावलं.

पौषात पक्की प्रत पुरी झाली. दोनशे बारा पानं. मास्तरांकडचं छप्पर गळकं आणि भिंतीला वाळवी, म्हणून कच्ची आणि पक्की दोन्ही बाडं आमच्याच कपाटात. साताऱ्यात आप्पांच्या ओळखीचा एक छापखानावाला होता. सोमवारी त्याच्याकडे जायचं ठरलं होतं.

त्याआधीच्या शुक्रवारी दिल्लीत, प्रार्थनेला निघालेल्या त्या निःशस्त्र म्हाताऱ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणारा आमच्या जातीचा होता. आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. शनिवारी गाव मुका होता. रविवारी दुपारी मास्तर पळत आले.

मास्तरांना पळताना मी कधी पाहिलं नव्हतं. पटका सुटून खांद्यावर आला होता. "वैद्यबुवा, चला. आत्ता. शिवंवर मानसं जमल्यात, रॉकेल हाय त्यांच्याजवळ."

"मी काय केलंय?" आप्पा म्हणाले. "अर्ध्या गावाला मी औषध दिलंय, मास्तर."

"काय केलंय त्ये इचारायला येनारी मानसं न्हवत ती. उठा!"

मास्तर धापा टाकत कपाटाला टेकून उभे होते. त्यांचा खांदा वरच्या फळीच्या बरोबर खाली होता. हे मला नंतर, कितीतरी वर्षांनी, अंथरुणात पडल्या पडल्या लख्ख दिसलं. हात नुसता वर केला असता तरी बाड हाताला लागलं असतं. पण माझी धाकटी बहीण तापानं ओसरीवर निजली होती. मास्तरांनी तिला उचललं. हात कापत होते म्हणून दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं आणि ते परसदारानं निघाले. त्यांच्या मागून आई, मी आणि शेवटी आप्पा.

मास्तरांच्या आतल्या खोलीत कांद्याची पोती होती. तिथे आम्ही बसलो. आधी आरडाओरडा ऐकू आला, मग फटफट आवाज, आणि मग वास. हिंग, सुंठ, ओवा. साऱ्या गावात औषधाचा वास पसरला. मी ताडकन उठले. "मास्तर, बाड!"

त्यांनी माझं मनगट धरलं. तो हात त्या क्षणी कापत नव्हता. "बस," ते म्हणाले. फक्त एवढंच.

धुरानं घसे कोरडे पडले होते. सकीनावहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आईसमोर आली आणि घुटमळली. "काकी, तुमच्या आडावर आता जाता येत न्हाई," ती अपराध्यासारखं म्हणाली. आईनं हात पुढे केला. "दे गं," म्हणाली आणि तोंड लावून घटाघटा प्यायली. मग तिनं तोच तांब्या माझ्या बहिणीच्या ओठांना लावला.

तेवढ्यात पुढच्या दारावर थाप पडली. पडवीत मास्तर उभे राहिले. फटीतून मला दिसत होतं. बाहेरगावची दहा-बारा माणसं आणि पुढे आमच्याच गावचा एक तरुण, मास्तरांच्या हाताखाली शिकलेला. त्याचं नाव मला माहीत आहे.

"मास्तर, वैद्य हायेत का आत?"

"न्हाईत," मास्तर म्हणाले. "सकाळच्या गाडीनं गेले."

त्या तरुणानं खाली पाहिलं. उंबऱ्याजवळ आप्पांचा लाल पुणेरी जोडा होता. आत शिरताना घाईत तो तिथेच काढला गेला होता. गावात तसा जोडा दुसऱ्या कुणाचा नव्हता. तो त्या जोड्याकडे बघत राहिला. मग तो मागच्यांना म्हणाला, "न्हाईत रं. चला, म्होरं चला."

माणसं गेली. मास्तर आत आले आणि भिंतीला पाठ लावून खाली बसले. हात पुन्हा कापायला लागले होते. "खोटं बोललो," ते म्हणाले. "दोनशे पानं सांगितली, आन् खोटं बोललो."

आप्पांनी मास्तरांच्या पायांवर हात ठेवला. मास्तरांनी तो झटकन बाजूला केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडीत गवताखाली बसून आम्ही स्टेशन गाठलं. मिरजेला गाडी बदलून सांगलीला मावशीकडे. त्या गवतात मला आठवलं, यांचं साल घर सोडलं त्या दिवसापासून. मी ते आप्पांना सांगणार होते. पण ओळख पटेल म्हणून लाल जोडा मास्तरांकडेच ठेवला होता आणि ते आपल्या अनवाणी पायांकडे बघत होते, म्हणून नाही सांगितलं.

सांगलीत आम्हाला हळदीच्या पेठेमागे दोन खोल्या मिळाल्या. धुतलेलं पातळसुद्धा वाळता वाळता हळदीच्या वासाचं व्हायचं. आप्पांनी पुन्हा बरण्या मांडल्या, पण ते फारसे बोलत नसत. मला तिथल्या दुपारी खायला उठत. टाकाची कुरकुर नाही, सूप नाही. एका दुपारी मी वही घेतली आणि सहज म्हणून पहिलं वाक्य लिहिलं. दुसरं आपोआप आलं. मास्तरांचा आवाज माझ्या कानात तसाच होता, कुठे थांबायचे, कुठे खाकरायचे त्यासकट. महिन्याभरात मी चाळीस पानं उतरवली. मग अडले. काही प्रकरणं धुरकट झाली होती. मी जेवढं लिहिलं होतं तेवढं पोस्टानं धाडून दिलं.

उत्तर आलं ते अनोळखी, वेड्यावाकड्या अक्षरात. 'ताईस सकीनाचा सलाम. मामंजींनी मला आक्षरं शिकवली. तुमी ईसरला त्ये मला आटवतय. म्या जवारी निवडत ऐकत हुते. बाईनं बाळाला आधी झाडाखाली ठिवलं मग पळाली, त्ये तुमी गाळलं. आनि खदीजाबीबी वयानं मोटी हुती त्ये बी गाळलं.' ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांवर लाल शाईच्या थरथरत्या खुणा होत्या. खाली मास्तरांनी कसंबसं लिहिलं होतं: 'शुद्धलेखन सुधारेल. स्मरण उत्तम.'

वर्षभर असं चाललं. माझी पानं जायची, तिच्या दुरुस्त्या यायच्या. तिचं अक्षर सरळ होत गेलं. एकोणपन्नासच्या दिवाळीनंतर मी आप्पांबरोबर गावी गेले. घराच्या जागेकडे आप्पांनी पाहिलं नाही. मास्तर खाटेवर होते, नजर गेली होती. मी वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी पानांवरून बोटं फिरवली, मग म्हणाले, "मला तिच्याकडं न्या."

कबरस्तान ओढ्याच्या वर आहे. आप्पांनी एका बाजूनं धरलं, सकीनावहिनीनं दुसऱ्या. रुईची झुडपं, तरवड, दुपारचा कोरडा वारा. हाजराबीच्या कबरीशी मास्तर बसले आणि मला म्हणाले, "नमाजेचं प्रकरण वाच. सावकाश. तिला घाई आवडत न्हवती." मी वाचलं. मायाळू या शब्दाशी त्यांनी मान हलवली. वाचून झालं तेव्हा ते कबरीच्या मातीवर हात ठेवून दखनीत काही पुटपुटले. ते मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

पुढच्या पावसाळ्याआधी ते गेले. पुस्तक छापलं गेलं नाही. आधी कुणाला सवड नव्हती, मग माझं लग्न झालं, मग आप्पाही गेले. वही सकीनावहिनीकडे राहिली, आणि मी हळूहळू सगळंच मनातून बाजूला सारलं.

परवा मी पायरीवरून उठून मशिदीपलीकडच्या त्या घरात गेले. सकीनावहिनी पडवीत उन्हाला बसली होती. मोतीबिंदूचा जाड चष्मा, तोंडात दात दोन-चार. तिनं मला आवाजावरून ओळखलं. हात धरून तिनं मला शेजारी बसवलं. आत एक मुलगी जमिनीवर पालथी पडून लिहीत होती. नातीचं लग्न ठरलं होतं, पुढच्या महिन्यात, मिरजेकडे.

"वही उतरवतीय," सकीनावहिनी म्हणाली. "आमच्यात आता तशी रीतच पडलीया. पोरगी नांदायला निघाली की वही उतरवून संगं न्यायची. माझ्या लेकींनी न्हेली. भाचीनं न्हेली. किती गावांत ग्येली, आल्लाला म्हाईत."

मी वाकून पाहिलं. मुलीसमोर तीन जुन्या वह्या उघड्या होत्या, वेगवेगळ्या हातांच्या. माझी मूळची त्यांत नव्हती. ती केव्हाच विरून गेली, वहिनी म्हणाली. प्रत्येकीच्या शेवटच्या पानावर लिहिणारणींची नावं एकाखाली एक होती. सगळ्यांत वर माझं माहेरचं नाव, त्याच्या खाली सकीना, मग मी कधी न पाहिलेल्या बायका.

"ह्या पयल्या कोन हुत्या गं आजी?" मुलीनं विचारलं.

"तुझ्या म्होरं उभ्या हायेत त्या," सकीनावहिनी म्हणाली.

मुलगी उठून बसली. तिनं माझ्याकडे नीट न्याहाळून पाहिलं, मग लगेच वही माझ्यापुढे ओढली, जणू माझीच वाट पाहत होती. "मग ह्ये सांगा. जकातीच्या पाठीमागं झाडाचं हाय न्हवं. कुनी झाड लावलं आन् त्याचं फळ कुनी खाल्लं तर त्यो दानधरमच, आसं. हितं एकीनं 'पाखरानं खाल्लं' लिवलंय, हिनं 'मानसानं' लिवलंय, आन् हिच्यात 'जनावरानं' हाय. खरं कंचं?"

मी चष्मा लावला. तिन्ही अक्षरं तीन बायकांची, तीन ठिकाणी सावकाश, जपून लिहिलेली. आणि एकाएकी मास्तर बोलताना ऐकू आले, खाकरून, बोटं मोजत. त्यांनी तिन्ही सांगितली होती. उतरवताना प्रत्येकीच्या हातून दोन गळली होती, आणि प्रत्येकीनं आपलं आपलं एक राखलं होतं.

"तिन्ही लिही," मी म्हणाले.

"येवड्याला जागा न्हाई पुरायची," ती म्हणाली, आणि बारीक अक्षरात लिहू लागली.